पुण्य एकाचे, प्रमाणपत्र सगळ्यांना?

नाझींच्या तावडीतून ज्यूंना वाचवणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूंचा विषय निघाला की दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात. एकाला त्यांच्या पुण्याईवर अख्खे चर्च निर्दोष सोडवायचे असते. दुसऱ्याला पोपच्या मौनाकडे बोट दाखवून त्या धर्मगुरूंचीही नावे पुसायची असतात. माझा दोघांशीही झगडा आहे.

आधी नावे घेऊ. बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलमधले बर्नहार्ड लिख्टेनबर्ग. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग जाळली गेली, तेव्हापासून ते ज्यूंसाठी उघड प्रार्थना करू लागले. ती ऐकणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी तक्रार केली. १९४१ मध्ये अटक झाली, शिक्षा झाली. १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असताना ते वारले.

फ्रान्समधल्या तुलूझचे आर्चबिशप सालिएज अर्धांगाने आजारी होते, त्यांना धड बोलताही येत नव्हते. पण ऑगस्ट १९४२ मध्ये, ज्यूंच्या धरपकडीविरुद्ध त्यांनी लिहिलेले पत्र सरकारी मनाईला न जुमानता चर्चमधून वाचले गेले. मार्सेयच्या मठात फादर मारी-बेनुआ यांनी खोटी कागदपत्रे बनवून लोकांना सीमेपार पोचवले. इटलीतल्या असिसीत बिशप निकोलिनी यांच्या पुढाकाराने सुमारे ३०० ज्यूंना आसरा मिळाला.

आता दुसरी बाजू. स्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हाही कॅथलिक धर्मगुरूच होता. त्याच्या राजवटीत एकट्या १९४२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक ज्यू नाझींच्या हवाली केले गेले. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी खुद्द रोममध्ये ज्यूंची धरपकड झाली. हजाराहून अधिक लोक ऑशवित्झला पाठवले गेले. शहरातल्या मठांनी इतर अनेकांना लपवले, पण पोप पायस बारावे यांनी जाहीर निषेध केला नाही. युद्धानंतर बिशप हुडाल यांनी तर ट्रेब्लिंका छावणीचा प्रमुख श्टांगल याला पळून जायला मदत केली.

झगा तोच, धर्मग्रंथ तोच. मग लिख्टेनबर्ग यांचे बलिदान तिसोच्या खात्यावर कसे जमा होईल? आणि तिसोचा गुन्हा लिख्टेनबर्ग यांच्या माथी का मारायचा? उलट, जे वाचवायला धावले त्यांनी गप्प बसणाऱ्यांची सबबच हिरावून घेतली. "त्या काळात काही करणे शक्यच नव्हते," असे आता कोणी म्हणू शकत नाही. आजारी म्हाताऱ्या सालिएजना ते शक्य झाले होते.

हे मी आपल्यासाठीही लिहितो आहे. अल्बेनियाच्या मुसलमान कुटुंबांनी ज्यूंना घरात लपवले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी १९४१ मध्ये बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले, हे सांगताना आपली जीभ का अडखळते? काहींना फक्त मुफ्ती आठवतात, अल्बेनिया आठवत नाही. त्यांची लबाडी आपल्याला लगेच दिसते. आपली दिसत नाही.

इन्साफासाठी वेळ पडल्यास आपल्याच माणसांविरुद्ध साक्ष द्यावी, ही कुरआनची शिकवण आहे. ती फक्त जलशात ऐकवायची नाही. दुसऱ्याच्या भल्या माणसाचे नाव मोकळ्या मनाने घ्या आणि आपल्या भल्या माणसाचे नाव ढालीसारखे वापरू नका. त्याच्या जागी आपण असतो तर दार उघडले असते का, हे स्वतःला विचारा.