दुरुस्तीवाल्याची दुरुस्ती कोण करणार?

आपल्या धंद्यात नवीन फाइलसिस्टिम लिहिणाऱ्याला टाळ्या मिळतात आणि तिची दुरुस्तीची टूल्स सांभाळणाऱ्याला फक्त बग रिपोर्ट. माझ्या मते ही शुद्ध उलटी गंगा आहे.

बिटमॅप समजायला आमच्या नंदनवनात कॉम्प्युटर लागत नाही. लेआउटचा नकाशा घ्या. विकलेल्या प्लॉटवर फुली, मोकळा प्लॉट कोरा. एक्स्ट४ मध्येही तेच. ब्लॉक ४ केबीचा असेल तर एका ब्लॉकात ३२,७६८ बिट्स मावतात आणि तेवढ्याच ब्लॉक्सचा, म्हणजे १२८ एमबीचा हिशोब ठेवतात.

आता चुका दोन प्रकारच्या. मोकळ्या प्लॉटवर फुली राहिली तर जागा वाया गेली, बस. पण घर बांधलेला प्लॉट कोरा दिसला तर तो दुसऱ्याला विकला जाणार! डिस्कवर तेव्हा तुमच्या लग्नाच्या फोटोंवर कुठलीशी लॉग फाइल लिहिली जाते. एररसुद्धा येत नाही.

ई२एफएससीके आधी सगळ्या आयनोड्सवरून फिरून स्वतःचा नकाशा बनवतं, पाचव्या फेरीत तो डिस्कवरच्या नकाशाशी ताडतं आणि फरक दिसला की डिस्कवरचा बदलतं. म्हणजे टूलचाच नकाशा चुकला, तर चांगला नकाशा ‘दुरुस्त’ होऊन बिघडणार. डॉक्टरच रोग देणार!

अतिशयोक्ती वाटते? डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर चेकडिस्क चालवल्यावर काही मशीन्सची फाइलसिस्टिम बिघडली, ती बूट होईनात. मायक्रोसॉफ्टने ते कबूल करून दुरुस्तीही दिली. किस्सा एनटीएफएसचा, धडा सगळ्यांचा.

"बॅकअप आहे ना!" असं म्हणणाऱ्या मित्रांनो, गुपचूप बिघडलेली फाइल बॅकअपमध्येही बिघडलेलीच जाते.

उपाय मोठा नाही, कंटाळवाणा आहे. ई२एफएसप्रॉग्ससोबत मुद्दाम बिघडवलेल्या छोट्या डिस्क इमेजेसचा ढीग असतो. टूल त्यांवर चालवायचं आणि उत्तर जुळतं का ते बघायचं. बिटमॅपचा बग सापडला की फिक्ससोबत अशी एक इमेज आलीच पाहिजे, नाहीतर तोच बग दोन वर्षांनी पुन्हा दारात उभा.

आणि आपण? डोळे मिटून सगळ्याला ‘हो’ म्हणणारा ‘वाय’ पर्याय मारणं बंद करा. आधी ‘एन’ लावून नुसतं वाचू द्या, डिस्कची कॉपी काढा, मगच हात लावू द्या. ज्या कंपन्यांचे सर्व्हर या फुकटच्या टूल्सवर चालतात, त्यांनी एखाद्या इंजिनिअरचा आठवड्यातला एक दिवस तरी या कामाला द्यावा. नवीन फाइलसिस्टिम नंतर लिहा, राजेहो. आधी फुल्या नीट मारा.