दोन परीक्षांचे एकच अध्ययन

या आठवड्यात चौसाळ्याच्या बसस्थानकाजवळ एका शिकवणीवर्गाचे पत्रक हाती पडले, आणि ते वाचून जो संताप झाला तो हे सदर लिहावयास बसेपर्यंत ओसरलेला नाही. परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्याने प्रथम जीआरईचा वर्ग पुरा करावा, ती परीक्षा द्यावी, आणि तदनंतर नव्याने फी भरून आयईएलटीएस अथवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या वर्गात नाव घालावे, असा त्या पत्रकाचा उपदेश होता. हाच उपदेश शिरसावंद्य मानून आमच्या गल्लीतील एका मुलीने, जी बीडहून अभियांत्रिकीची पदवी घेऊन नुकतीच घरी परतली आहे आणि जिचे वडील महामार्गालगत पंक्चरचे दुकान चालवतात, इंग्रजी बोलण्याऐकण्याचा अभ्यास जीआरई आटोपेपर्यंत बासनात बांधून ठेवला आहे.

ज्यांच्या घरी हा विषय अद्याप पोचलेला नाही त्यांच्याकरिता थोडा तपशील देतो. जीआरई २०२३ पासून आटोपशीर झाली असून १ तास ५८ मिनिटांत भाषेचे २७ प्रश्न, गणिताचे २७ प्रश्न आणि अर्ध्या तासाचा एक निबंध असा तिचा विस्तार आहे. गणित बहुतांशी दहावीच्या आवाक्यातले असते. आयईएलटीएसमध्ये श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशी चार अंगे असतात. जीआरईचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरतात, इंग्रजीचे दोनच वर्षे. दोहोंची फी मिळून तीस हजारांच्या वर जाते, आणि शिकवणीचा खर्च त्याहून निराळा.

आता जी दोन अध्ययने मुळात एकमेकांत गुंतलेली आहेत, ती विलग करून दोनदा विकण्यात विद्यार्थ्याचे कोणते हित आहे, हे मला कोणी समजावून द्यावे. जीआरईच्या निबंधात एखाद्या विधानावर आपली भूमिका घेऊन ती कारणांनी सिद्ध करावयाची असते. आयईएलटीएसच्या दुसऱ्या लेखनप्रश्नातही चाळीस मिनिटांत किमान अडीचशे शब्दांत बहुधा तेच करावयाचे असते. एकच अग्रलेख सकाळी युक्तिवादाची मांडणी पाहण्यासाठी मनात वाचला आणि सायंकाळी जिभेला वळण लागावे म्हणून मोठ्याने वाचला, तर दोन्ही परीक्षांची तयारी त्या एका कागदावर होते. उलट ही फारकत केली की काय होते, ते मी या मुलीच्या वहीत पाहिले. पानापानावर दोन रकाने, डावीकडे दुर्मीळ इंग्रजी शब्द, उजवीकडे त्यांचे मराठी अर्थ, आणि लाल शाईच्या खुणा. कष्ट एवढे की पाहून मन भरून यावे, परंतु तिने लिहिलेल्या निबंधात तेच शब्द जागोजागी बसवलेले, आणि त्यांच्या भाराखाली तिचे स्वतःचे म्हणणे, जे खरोखर उत्तम होते, दिसेनासे झालेले.

संभाषणाच्या परीक्षेत परीक्षक एक कागद देतो, विचारास एक मिनिट मिळते, आणि मग एक ते दोन मिनिटे बोलावयाचे असते. मी तिला आठवडी बाजाराचे वर्णन करावयास सांगितले. दोन भारदस्त शब्दांनी तिने आरंभ केला आणि तिसऱ्या वाक्यावर ती थांबली. तेव्हा म्हटले, "बाई, बाजार राहू दे, तुझे बाबा ट्यूबलेस टायरचे पंक्चर कसे काढतात तेवढे इंग्रजीतून सांग." मग मात्र साबणाचे पाणी टाकून बुडबुड्यांवरून छिद्र हुडकणे, रुतलेला खिळा ओढून काढणे, दाभणाने रबरी दोरी आत ढकलणे, बाहेर उरलेला तुकडा पात्याने छाटणे आणि पुन्हा हवा भरून पाहणे, हे सारे तिने साध्या, सरळ इंग्रजीत एका दमात सांगितले, आणि वहीतला एकही शब्द तिला लागला नाही. "सर, हे चालतं का परीक्षेत?" असे तिने मला विचारले. हेच चालते, आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते याचा मला विषाद वाटतो.

या मुलखाला परभाषेत परीक्षा देणे नवे नाही. बीड जिल्हा निजामाच्या अमलात असताना कचेरी उर्दूत, दरख्वास्त उर्दूत, फैसला उर्दूत. आणि १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात गणितापासून कायद्यापर्यंत सारे शिक्षण उर्दूत, शिवाय इंग्रजी हा विषय सक्तीचा. आमच्या वडीलधाऱ्या मंडळींत असे लोक होते की जे घरी मराठी बोलत, मुदर्रिसापुढे उर्दू वाचत आणि परीक्षेत इंग्रजीचाही पर्चा सोडवीत. या तीन भाषांतील एक संपल्यावर दुसरी सुरू करावी असे त्यांना कोणी सुचवले असते तर त्यांना ते विलक्षण वाटले असते. परंतु त्यांना एक अनुकूलता होती, तिचे स्मरण ठेवले पाहिजे. उर्दू त्यांच्या कानांवर अहोरात्र पडत होती. तहसीलच्या आवारात अर्जनवीस ती बोलत, न्यायालयात वकील ती बोलत, बाजारात अत्तरवाला आणि बागवान ती बोलत. पुस्तक उघडण्यापूर्वीच भाषेचा ठेका त्या मुलांच्या अंगी मुरलेला असे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राज्यकारभार पालटला, तरी त्यांची उर्दू अखेरपर्यंत शाबूत राहिली.

आजच्या चौसाळ्यात इंग्रजी फलकांवर आहे, मोबाईलच्या पडद्यावर आहे, खतांच्या पिशव्यांवर आहे, परंतु समोरासमोर बसून बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ती नाही. आयईएलटीएसच्या श्रवणात ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, पुन्हा नाही. आणि कान हा अवयव असा आहे की त्याला अखेरच्या पंधरवड्यात घाईने तयार करता येत नाही. म्हणूनच डोळ्यांचा अभ्यास आणि कानांचा अभ्यास पहिल्या दिवसापासून जोडीने चालला पाहिजे, असा माझा आग्रह आहे. शहरातल्या मुलांनी इंग्रजी मागाहून उरकली तरी एखादेवेळी निभावते, कारण त्यांचे कान आधीच तयार असतात. आमच्या मुलांना तेच वेळापत्रक लावणे हा सरळ अन्याय आहे. लोणार तालुक्यातील पिंपरी खंदारे या खेड्यातले राजू केंद्रे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकावयास गेले, आणि घराण्यात प्रथमच उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलांना त्यांच्या एकलव्य संस्थेकडून मार्गदर्शन मिळते. तेव्हा खेड्यातून वाट निघत नाही असे कोणी म्हणू नये.

त्या मुलीला मी सांगितले आहे की शब्दांची वही फेकू नये, परंतु दिवसाचा एक तास ऐकण्याला आणि अर्धा तास बोलण्याला आजपासूनच द्यावा. ऐकण्याची सोय मोबाईलवर होईल. बोलण्यास मात्र माणूस हवा, आणि त्यासाठीच हा मजकूर लिहिला. बीड, केज, वाशी, पाटोदा या टापूत बँकेतून, लष्करातून, महाविद्यालयांतून निवृत्त झालेली, अस्खलित इंग्रजी बोलणारी मंडळी आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांपैकी कोणी आठवड्यातून एक तास या मुलीशी आणि तिच्या दोन मैत्रिणींशी बोलण्यास तयार असेल, तर या वृत्तपत्राच्या बीड कचेरीत आपले नाव नोंदवावे. रविवारी दुपारी चारनंतर त्या तिघी मोकळ्या असतात, आणि बसण्यास माझी ओसरी आहे.