पिंजरा कोण झाडणार, बॉस?

गिनी पिग घ्यायचा डिसिजन साधारण दहा मिनिटांत होतो. पेट शॉपमधला तो गोंडस चेहरा, 'मेंटेनन्स काहीच नाही हो' हे दुकानदाराचं आश्वासन... आणि जोडी घरी! मग येतं ऑनसाइट, नाहीतर नव्या घरमालकाची 'नो पेट्स'ची अट, आणि जोडी गावी रवाना. माझ्या ओळखीतली अशीच एक जोडी सध्या रिसोडला मुक्कामी आहे. मुलगा हिंजवडीत, गिनी पिग वाशिम जिल्ह्यात आणि झाडू आईच्या हातात! पहिल्या दिवशी माउलीचा प्रश्न एकच होता, "हे काय, घूस आनली का रे बाबू?"

घूस नाही हो काकू. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, थंड हवेतला पाहुणा. नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो. म्हणजे तितकी वर्षं पिंजरा झाडणं आलं! तो दिवसभर खातो आणि दिवसभर लेंड्या टाकतो. लघवी साचून कुजली की अमोनिया सुटतो. आपल्याला वास दाराशी येतो, त्याचं नाक मात्र गादीपासून जेमतेम इंचभर वर. फुफ्फुसाचं इन्फेक्शन तिथूनच सुरू होतं.

रोजचं काम छोटं आहे. ओला कागद आणि ओलं गवत काढायचं, लेंड्या झाडायच्या, उरलेला पाला उचलायचा, पाण्याची बाटली धुऊन भरायची. दहा मिनिटांत खेळ खल्लास. आठवड्यातून एकदा मात्र पूर्ण पिंजरा रिकामा. तळाशी पांढरट थर दिसतो तो लघवीतल्या कॅल्शियमचा. त्यावर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून ओता, थोडा वेळ थांबा, घासा, स्वच्छ धुवा आणि उन्हात वाळवा. फिनाईलला सुट्टी! त्याचा उग्र वास या जिवाला सोसत नाही.

खाली काय अंथरायचं? जुने पेपर, त्यावर जाड सुती किंवा फ्लीसचं कापड, कोपऱ्यात गवत. रिसोडकडे सोयाबीनचं कुटार घरोघरी मिळतं, पण ते टोचतं आणि त्याची धूळही फार. त्यापेक्षा धुऱ्यावरचं गवत बरं, पण तणनाशक न मारलेल्या धुऱ्यावरचं! दुकानातला जाळीच्या तळाचा पिंजरा तर बदलाच. जाळीने तळपाय सोलवटतात आणि जखमा चिघळतात. जोडीला निदान साडेसात चौरस फूट जागा हवी, म्हणजे साधारण अडीच बाय तीन.

आता विदर्भातला मे महिना आठवा. गिनी पिगला घाम येत नाही. तिशीच्या वर पारा गेला की उष्माघाताची भीती, आणि इथे तो चाळिशी ओलांडतो. कूलर लावावाच लागतो, पण त्या ओलसर हवेत गादी लवकर दमट होते. पावसाळ्यातही तेच. दमट गादीवर बुरशी धरते, आणि बुरशीचा नायटा प्राण्याकडून माणसालाही लागतो. म्हणून या दिवसांत कापड एक दिवसाआड बदला. आडवा ठेवलेला मातीचा माठ हे त्याचं बेस्ट एसी बेडरूम!

खरा फंडा असा की झाडता झाडता चेकअप होऊन जातो. कालच्यापेक्षा लेंड्या कमी किंवा बारीक? लघवीत लाल छटा? गवत तसंच पडलेलं? बारा तासांत काहीच खाल्लं नसेल तर थेट डॉक्टर. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात बैल-बकऱ्यांची सवय असते, त्यामुळे एक गोष्ट स्वतःहून विचारा: "हे औषध पेनिसिलिनच्या जातीचं नाही ना?" अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी औषधं गिनी पिगच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतात आणि त्यात तो दगावू शकतो. मऊ लेंडी स्वतःच खाताना दिसला तर मात्र घाबरू नका, ते नॉर्मल आहे. आणि आपल्यासारखंच त्याचंही शरीर व्हिटॅमिन सी बनवत नाही. रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्या.

काढलेला कचरा? कागद, गवत, लेंड्या सगळं परसातल्या खताच्या खड्ड्यात. काकूंच्या वांग्यांना ते चांगलंच मानवलंय म्हणे.

काकूंची तक्रार नाही. फ्रिज उघडला की दोघं 'वीक-वीक' करून घर डोक्यावर घेतात, याचं त्यांना भारी कौतुक. पण गुडघे दुखतात, आणि पिंजरा जमिनीवर आहे. त्यामुळे हिंजवडीच्या साहेबांना एकच सांगणं: पिंजऱ्याखाली कमरेइतकं टेबल घे, जाड कापडाचे चार जोड पाठव, आणि दिवाळीला घरी गेलास की आठवडाभर झाडू तुझ्याकडे. नवीन जोडी घ्यायला निघालेल्यांनो, दुकानात शिरण्याआधी घरात एक प्रश्न विचारून घ्या: पिंजरा कोण झाडणार?