आठवणींचा सुकाळ, जतनाचा दुष्काळ

रविवारची सकाळ, ओस पडलेले रस्ते आणि एकाच दूरचित्रवाणी संचासमोर दाटीवाटीने बसलेली अर्धी चाळ. ऐंशीच्या दशकाचे हे चित्र आता मराठी मध्यमवर्गाच्या कौटुंबिक पुराणातील एक अध्याय होऊन बसले आहे. पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र जमली की 'रामायण', 'हम लोग', 'मालगुडी डेज' यांची उजळणी सुरू होते. पंडित रविशंकरांच्या नावाशी जोडली गेलेली दूरदर्शनची धून कोणीतरी गुणगुणते, आणि 'ते दिवस गेले' या सुस्काऱ्यावर मैफल संपते. या स्मरणरंजनाचा आता व्यापारही होऊ लागला आहे. जुन्या मालिकांचे नवे अवतार निघतात, 'वागले की दुनिया'ची पुढची पिढी पडद्यावर येते आणि 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची २०१० मध्ये नवी आवृत्ती काढली जाते. ती मूळ गीतापेक्षा कितीतरी लांब होती, तिच्यात चेहरेही अधिक होते. पण आज ती कोणाच्या ओठी नाही.

या सुस्काऱ्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. त्या काळाने जे दिले ते खरोखरच मोलाचे होते. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली. तिचा पाठपुरावा करणारे तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे हे विदर्भातील नेते. मेक्सिकोत कौटुंबिक मालिकांमधून लोकशिक्षण होते हे पाहून तसा प्रयोग येथेही व्हावा हा आग्रहही त्यांचाच. त्यातून जुलै १९८४ मध्ये मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतून 'हम लोग' अवतरली. त्याच वर्षी काही महिने सरासरी दररोज एक या वेगाने देशभर प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली, आणि महानगरांपुरता असलेला हा पडदा तालुक्याच्या गावी पोहोचला.

पण यंत्रांपेक्षाही महत्त्वाचे होते ते आशयाचे स्रोत. 'मालगुडी डेज'च्या मागे आर. के. नारायण होते, 'तमस'च्या मागे भीष्म साहनी, 'वागले की दुनिया'च्या मागे आर. के. लक्ष्मण. 'बुनियाद'ने फाळणीत उखडल्या गेलेल्या पंजाबी कुटुंबाची कथा सांगितली. ज्या विषयावर हिंदी चित्रपटसृष्टीने चार दशके बहुतांशी मौन पाळले, तो विषय तिने घरोघरी नेला. पुढे १९९१ मध्ये डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदींची 'चाणक्य' आली आणि संस्कृतप्रचुर हिंदी प्रेक्षकांना झेपत नाही हा समज तिने खोटा ठरवला. दूरदर्शन बहुधा तेरा भागांच्या हिशेबाने मालिका मंजूर करी. ही पद्धत प्रशासकीय होती, तिच्यामागे कोणताही कलाविचार नव्हता. परंतु तिचा एक लाभ असा झाला की कथेला शेवट असे. सासू-सुनांची भांडणे सात-आठ वर्षे चालवण्याची सोयच नव्हती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा सुवर्णकाळ आणखी एक दशक आधी सुरू होतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेथून 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमातून साहित्यिक घराघरांत आले, 'आमची माती, आमची माणसं'मधून शेतकऱ्याच्या प्रश्नांना पडदा मिळाला, विनायक चासकरांच्या 'गजरा'तून रंगभूमीवरील कलावंत महाराष्ट्राला ओळखीचे झाले. चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांच्या रूपाने उभा राहिला, तो इतका की मूळ पुस्तके वाचतानाही पुढे हेच चेहरे दिसू लागले. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'ची गोष्ट तर याहून वेगळी. या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली आणि पडद्यावर जे पाहिले त्यातील काही आपल्या वस्तीत करून पाहिले. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या गोष्टीचे मोल सांगायला नको. कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षक उठून कामाला लागतो, असे उदाहरण प्रसारमाध्यमांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

एवढे सगळे खरे असले तरी स्मरणरंजनाला एक जन्मजात खोड असते. ते गोड तेवढेच उचलते. ज्या दूरदर्शनच्या आठवणीने डोळे पाणावतात, ते दूरदर्शन संपूर्णतः सरकारच्या मुठीत होते. दुसरी वाहिनी नव्हती म्हणूनच सारा देश एक कार्यक्रम पाहत होता. त्या 'एकत्र पाहण्या'त आपुलकी होती तितकीच अगतिकताही होती. आणीबाणीत या एकाधिकाराचे खरे रूप दिसले. सरकारी कार्यक्रमांशी सहकार्य करायला किशोरकुमार यांनी नकार दिला, तेव्हा १९७६ मध्ये त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून हद्दपार झाली. ६ फेब्रुवारी १९७७ च्या रविवारी दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावे म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर 'बॉबी' हा तुफान लोकप्रिय चित्रपट दाखवण्यात आला, असे त्या काळाच्या अनेक अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. लोक मात्र 'बॉबी' सोडून सभेला गेले, आणि मैदान भरले. ज्यांनी त्या काळात तुरुंगवास भोगला त्यांच्या घरांतून तरी सरकारी एकाधिकाराचे गोडवे गायले जाऊ नयेत.

'रामायणा'चीच गोष्ट घ्या. २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ही मालिका सुरू झाली, तेव्हा सरकारी माध्यमावरून रामकथा दाखवणे धर्मनिरपेक्षतेत बसते का, अशी चर्चा पुरोगामी वर्तुळात झडली. प्रेक्षकांनी तिची दखलही घेतली नाही. मालिकेची वेळ झाली की संचाला हार घातला जाई, चपला बाहेर काढल्या जात. बावन्न भागांची म्हणून आखलेली मालिका अठ्ठ्याहत्तर भागांपर्यंत गेली. ती रामराज्याभिषेकावर संपते आहे असे दिसताच १९८८ मध्ये उत्तर भारतातील सफाई कामगारांनी संप पुकारला. महर्षी वाल्मीकींना आपले आराध्य मानणाऱ्या या समाजाची मागणी पगारवाढीची नव्हती; वाल्मीकींच्या आश्रमातील उत्तरकथा दाखवली गेली पाहिजे एवढीच होती. ती दाखवली गेली. एका मालिकेवर समाजातील सर्वांत उपेक्षित घटकाने असा हक्क सांगावा, यातच तिचे यश सामावले आहे. पाठोपाठ आलेल्या 'महाभारता'ला काळालाच निवेदक करण्याची कल्पना लाभली, राही मासूम रझांचे संवाद लाभले आणि श्रीकृष्णाच्या भूमिकेत मराठी घरातला नितीश भारद्वाज लाभला.

आता प्रश्न असा की या मालिका आज पाहायला मिळतात त्या कोणामुळे? मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि लोकांनी 'रामायणा'ची मागणी केली. तेव्हा मालिकेचे हक्क सागर कुटुंबाकडे होते. त्यांच्याशी बोलणे करूनच ती दूरदर्शनला पुन्हा दाखवता आली. २८ मार्चपासून पुनःप्रक्षेपण सुरू झाले आणि १६ एप्रिलचा एकच भाग सात कोटी सत्तर लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने अभिमानाने जाहीर केले. अभिमान रास्तच होता. परंतु त्या ठेव्याची राखण केली ती निर्मात्याच्या कुटुंबाने, ही गोष्ट त्या जल्लोषात कोणाच्या लक्षात आली नाही. 'महाभारता'मागेही चोप्रांसारखे मातब्बर निर्माते होते. ज्या कलाकृतीला घरचा धनी होता, ती टिकली.

आणि जिला धनी नव्हता ती? दूरदर्शनने स्वतः निर्माण केलेले कार्यक्रम ही राष्ट्राची संपत्ती होती, म्हणजे व्यवहारात ती कोणाचीच नव्हती. सुरुवातीच्या काळात कितीतरी कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. त्यांचे ध्वनिचित्रमुद्रण झालेच नाही. जे झाले ते महागड्या फितींवर. फिती मोजक्या, कार्यक्रम रोजचे. मग जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा मुद्रित करायचा, ही सर्रास रीत होती. 'चिमणराव-गुंड्याभाऊ'चे मोजके अवशेष तेवढे उरले. ऑगस्ट २०२५ मध्ये बाळ कर्वे यांचे वृद्धापकाळाने निधन झाले आणि गुंड्याभाऊच्या आठवणी पुन्हा दाटून आल्या. आठवणीच, कारण नव्या पिढीला ती मालिका पहिल्या भागापासून शेवटपर्यंत दाखवावी म्हटले तर दाखवायला आहे कुठे? ज्या लेखकांच्या मुलाखती त्या फितींवर होत्या ते लेखक गेले, ज्या गायकांच्या मैफली होत्या ते गायक गेले. पुसलेल्या फितीवर नंतर काय मुद्रित झाले असेल? बहुधा एखाद्या मंत्रिमहोदयांचे उद्घाटन.

यात एकट्या दूरदर्शनला झोडपण्यात अर्थ नाही. हा रोग जुना आहे. भारतात मूकपटांच्या युगात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांपैकी आज पूर्ण वा तुटक स्वरूपात मोजकेच उपलब्ध आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत शिल्लक नाही. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे जे काही उरले आहे त्याचे बरेचसे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांना जाते. १९६४ मध्ये हे संग्रहालय स्थापन झाले आणि या केरळी गृहस्थाने गोदामे, जुनी चित्रपटगृहे, निर्मात्यांची घरे पालथी घालून डबे गोळा केले. फाळके कुटुंबीयांकडून मिळालेल्या तुकड्यांवरून 'कालिया मर्दन' पुन्हा जुळवला. मराठी माणसाने फाळक्यांचा अभिमान बाळगला, आणि त्यांच्या फिती वाचवण्यासाठी पुण्यात येऊन राहिला तो केरळचा माणूस. ही तुलना बोचणारी आहे, आणि ती बोचली पाहिजे.

परदेशात सारे आलबेल होते असेही नव्हे. इंग्लंडच्या बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत जागेच्या आणि फितींच्या बचतीपायी आपले असंख्य कार्यक्रम पुसून टाकले. 'डॉक्टर हू' या तिच्या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग त्यात गेले. चूक उमगल्यावर तेथील लोक केवळ हळहळत राहिले नाहीत. परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रती शोधण्यात आल्या, खासगी संग्राहकांची दारे ठोठावण्यात आली. ज्या भागांचे चित्र कायमचे हरवले होते त्यांचा निदान आवाज तरी मिळाला; कारण त्या काळी काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. सामान्य प्रेक्षकाचा छंद एका संस्थेच्या उपयोगी पडला तो असा.

आपल्याकडेही अलीकडे काही हालचाल दिसते. दूरदर्शनने आपले अभिलेखागार उभारले आहे, जुन्या कार्यक्रमांच्या तबकड्या विक्रीस आणल्या आहेत. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने 'वेव्हज' ही आपली महाजालावरील सेवा सुरू केली. जुन्या लोकप्रिय मालिका तेथे पाहता येतात. या प्रयत्नांचे स्वागत केलेच पाहिजे. मात्र अशा उपक्रमात पहिला मान हिंदीतील गाजलेल्या नावांना मिळतो, आणि मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांची पाळी यायची ती येते शेवटी. मराठी कार्यक्रमांपैकी नेमके काय शिल्लक आहे, कोणत्या अवस्थेत आहे, काय कायमचे गेले, याची वर्षवार सूची प्रसिद्ध व्हावी, ही मागणी साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून व्हायला काय हरकत आहे? दरवर्षी ठरावांची भेंडोळी संमत होतात, त्यांत हा एक ठराव जड होणार नाही. राज्य शासनाकडे सांस्कृतिक कार्य विभाग आहे, विद्यापीठांत पत्रकारितेचे विभाग आहेत. हयात असलेल्या निर्मात्यांच्या, तंत्रज्ञांच्या मुलाखती मुद्रित करून ठेवणे त्यांच्या आवाक्यातले काम आहे.

आणखी एक ठेवा आहे, आणि तो सरकारच्या ताब्यात नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक सुखवस्तू घरांत व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर आला होता. कोणाच्या वडिलांनी भीमसेनांची मैफल उतरवून घेतली, कोणी गणेशोत्सवातील विशेष कार्यक्रम, कोणी एखादे नाटक. त्या कॅसेटी आज माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या दिवाळी अंकांच्या शेजारी पडून आहेत. आपल्या दमट हवेत चुंबकीय फितीला बुरशी लागते, फितीवरचा थर सुटू लागतो, आणि घर बदलताना ते खोके पहिल्यांदा भंगारात जाते. त्यातल्या एखाद्या कॅसेटवर दूरदर्शनकडेही नसलेला कार्यक्रम असू शकतो. कॅसेट चालवणारे यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करू शकणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत. शहरांत अशा कॅसेटी संगणकीय स्वरूपात उतरवून देणारी काही दुकाने अद्याप आहेत. ती किती काळ तग धरतील, हे त्यांच्याकडे किती खोकी पोहोचतात त्यावर ठरेल.