विश्लेषण : कंपोस्ट मातीत, ढलप्या मातीवर, सोसायटीच्या बागेत हा फरक का महत्त्वाचा?

पावसाळ्याआधी शहरांत झाडांची छाटणी सुरू होते. कापलेल्या फांद्या ट्रकमधून बाहेर जातात आणि त्याच सोसायटीत वाफ्यांसाठी खताच्या गोण्या आणि टँकरचं पाणी विकत येतं. हा खर्च टाळता येईल का?

नियम काय सांगतात?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार बागेतला कचरा जाळता किंवा रस्त्यावर टाकता येत नव्हता. तो आवारात वेगळा साठवावा लागत असे. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवला. मुंबई महापालिकेनेही २०१७ मध्ये मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. त्यातून अनेक ठिकाणी कंपोस्ट तयार होऊ लागलं.

मग बिघडतं कुठे?

फांद्यांच्या ढलप्या कंपोस्टसोबत मातीत कालवल्या जातात, तिथे. कंपोस्ट कुजून तयार झालेलं असतं. ढलप्यांत मात्र कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी असतं. त्या कुजवताना जिवाणू कमी पडणारं नत्र मातीतून उचलतात. परिणामी रोपं पिवळी पडतात, वाढ खुंटते. दोष मात्र खताला दिला जातो. ढलप्या वर पसरल्या, तर हा परिणाम मातीच्या वरच्या पातळ थरापुरताच राहतो.

योग्य पद्धत कोणती?

- आधी साधारण इंचभर कंपोस्ट पसरून मातीत हलकं मिसळा. ते गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर अजून तयार नाही.
- वाफा भिजवून त्यावर २ ते ३ इंच ढलप्या पसरा. ऊन थेट मातीवर पडत नाही, ओल टिकते, तण कमी उगवतं.
- खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर खोड कुजू शकतं. वाळवी टाळण्यासाठी इमारतीच्या भिंतीपासूनही अंतर ठेवा.
- बी पेरायचं असेल तिथे ढलप्या बाजूला सारा. रोगट फांद्या वापरू नका.

उरलेल्या ढलप्यांचं काय?

त्या कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. ओल्या कचऱ्यातलं जादा पाणी शोषलं जातं, हवा खेळते, दुर्गंधी कमी होते. दुर्गंधीच्या तक्रारींमुळेच अनेक सोसायट्यांचे खड्डे बंद पडतात. म्हणून छाटणीचं काम देतानाच फांद्या बारीक करून आवारात ठेवण्याची अट घालणं फायद्याचं ठरेल.