एका मिनिटाचे एकोणपन्नास दिवस

विज्ञान प्रदर्शन आले की संत्र्याच्या बागेला आपोआप पाणी देणारे मॉडेल येतेच. आर्डुइनो बोर्ड, ओलावा मोजणारा सेन्सर आणि एक छोटा पंप. पांढुर्णा-सौंसरच्या मुलांनी हा विषय निवडावा हे साहजिकच आहे. पण प्रोग्राम कुठून तरी उतरवून घ्यायचा आणि पंप एकदा फिरला की टाळ्या वाजवायच्या, हे आम्हाला पटत नाही.

एकच उदाहरण घेऊ. पंप एक मिनिट चालवायचा आहे. वेळ मिलिसेकंदात द्यायची असते, म्हणून 'डिले'च्या कंसात ६० गुणिले १००० असे लिहिले. उत्तर ६०,०००, यात कुणाचे चुकले? पण आर्डुइनो ऊनो आर३ वरच्या एटीमेगा३२८पी या चिपसाठी सी भाषेतला 'इंट' १६ बिटांचाच असतो. त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. जुन्या स्कूटरचे मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येते ना, तसाच हा आकडा उलटतो आणि उणे ५,५३६ होतो. 'डिले'ला उणे संख्या कळत नाही. तो तिला ४२९ कोटींहून मोठी संख्या समजतो. म्हणजे पंप ४९ दिवस १७ तास चालू! ज्या बागेला बहारासाठी ताण द्यायचा, तिथे असे झाले तर बहार जाईलच, वर झाडांना डिंक्या लागायची भीती.

उपाय म्हणाल तर ६० ला 'यूएल' ही दोन अक्षरे जोडायची. मग गुणाकार ३२ बिटांत होतो.

आपल्या शेजारच्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वरून देशभरातली मुले सी शिकली. टर्बो सीच्या त्या जमान्यात संगणकावरही 'इंट' १६ बिटांचाच असे, त्यामुळे ही मर्यादा लवकर कळायची. आज लॅपटॉपवर तोच गुणाकार बरोबर येतो आणि चिपवर फसतो.

खरे तर कंपायलरला ही चूक दिसते. पण आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे इशारे मुळातच बंद ठेवलेले असतात. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन 'कंपायलर वॉर्निंग्ज' 'ऑल'वर करा, तो बोलू लागेल.

शाळेच्या मुलांना हे जड जाईल, असे काही पालक म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. परीक्षकांनी यंदा मॉडेलची रंगरंगोटी थोडी कमी पाहावी आणि "तुझ्या इंटमध्ये किती मावते?" एवढे मराठीतून विचारावे. उत्तर देणाऱ्याला पाच गुण जास्त द्यावेत.