कालच्या लग्नाची खोली

गेल्या रविवारी सकाळीच आत्याचा फोन आला. "अगं, लाइटबिल भरायचं अ‍ॅप उघडलं की नुसतं पांढरं दिसतंय. शेजारचा मुलगा म्हणतो, काकू, कॅश क्लिअर करा. म्हणजे खात्यातले पैसे तर नाही ना जाणार माझे?"

मला हसू आलं, पण आत्याचं काही चुकलं नव्हतं. मराठीत लिहा नाहीतर बोला, दोन्ही शब्द सारखेच. एक कॅश म्हणजे रोकड. दुसरी कॅश आली फ्रेंचमधून, तिथे त्या क्रियापदाचा अर्थ लपवणं. पूर्वी रानावनात, बर्फात फिरणारे शिकारी परतीच्या वाटेवर लागेल म्हणून अन्न आणि सामान जमिनीत पुरून ठेवत. त्या साठ्याला हे नाव पडलं. पुढे 1968 मध्ये आयबीएमने सिस्टिम/360 मॉडेल 85 हा संगणक जाहीर केला. त्यात प्रोसेसरला हाताशी असावी म्हणून छोटी, पण वेगवान मेमरी दिली होती. तिलाही कॅश म्हटलं गेलं, आणि शब्द कॉम्प्युटरच्या दुनियेत कायमचा राहिला.

आत्याला मी एवढंच सांगितलं, "पैसे जाणार नाहीत. फक्त अ‍ॅपची जुनी आठवण जाईल."

"आठवण गेली तर अ‍ॅप सुरू कसं होईल?" आत्याने विचारलं.

खरा प्रश्न हाच आहे. म्हणून आज या सदरात त्याबद्दलच बोलू. आठवण जुनी झाली की किती गोंधळ होतो, हे मी आमच्या ऑफिसात जवळून पाहिलंय. त्यात एका मुलाची नोकरी पणाला लागली होती.

वॉचमन आणि वही

समजा, एक मंगल कार्यालय आहे. ऑफिसात एक वही आहे. कोणाला कोणती खोली दिली, ते त्यात लिहिलेलं. गेटवर वॉचमन उभा आहे. पहिला पाहुणा विचारतो, "वरपक्षाची खोली कुठली?" वॉचमन ऑफिसात जातो, वही बघतो, परत येऊन सांगतो, "सात नंबर." दुसरा पाहुणाही तेच विचारतो. आता तो कशाला आत जाईल? जागेवरूनच सांगतो, "सात नंबर."

वही म्हणजे डेटाबेस. वॉचमनची आठवण म्हणजे कॅश. यात गैर काहीच नाही. दोनशे पाहुण्यांसाठी दोनशे हेलपाटे घातले तर मुहूर्त टळेल. तुमच्या फोनवर एखादं पान पटकन उघडतं, त्यामागे बऱ्याचदा असा एखादा वॉचमन असतो.

गडबड होते दुसऱ्या दिवशी. काल एका घरचं लग्न होतं, आज दुसऱ्या घरचं. वही पुसून नवी लिहिली. आज वरपक्ष एकतीस नंबरला आहे. पण वॉचमनला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा पूर्ण खात्रीने सांगतोय, "सात नंबर." पाहुणा जातो, तर खोलीला कुलूप.

वॉचमन खोटं बोलत नाही. तो कालचं खरं आज सांगतोय. याला म्हणतात शिळी कॅश.

लाल दिव्यांची सकाळ

आता ऑफिसची गोष्ट. मी इंग्रजीची बीए, कोड लिहीत नाही. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, याची मदतपानं लिहिते. पण माझी खुर्ची टेस्टिंगवाल्यांच्या शेजारी आहे, त्यामुळे सगळं कानावर पडतं.

आमच्याकडे एका वेबसाइटचं काम चालू होतं. वाचक तिथे लेखावर, फोटोवर किंवा पाककृतीवर प्रतिक्रिया लिहू शकतात. ती जँगोमध्ये बनवलेली आहे. जँगो म्हणजे वेबसाइट बांधण्याचा तयार सांगाडा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्रात तो तयार झाला आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव त्याला दिलंय.

अशा वेबसाइटसोबत शेकडो टेस्ट लिहून ठेवतात. टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारा छोटा प्रोग्राम. कुणी कोडमध्ये बदल केला की सगळ्या टेस्ट चालतात. सगळं नीट असेल तर हिरवं, एक जरी नापास झाली तरी लाल.

त्या सकाळी लाल होतं. नापास झाली होती एक जुनी टेस्ट. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. आदल्या संध्याकाळी एकच बदल झाला होता, आणि तो केला होता तीन आठवड्यांपूर्वी लागलेल्या मुलाने. अजून प्रोबेशनवरच होता. प्रतिक्रिया जतन झाली की लेखकाला मेल जावा, एवढं त्याने जोडलं होतं, आणि त्याची एक नवी टेस्ट लिहिली होती.

त्याची टेस्ट काढली की सगळं हिरवं. परत घातली की लाल. आता आणखी काय पुरावा हवा? वरिष्ठांनी ग्रुपवर लिहिलं, "तुझा कोड तपास." तीन दिवस तो स्वतःच्या चाळीस ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसला. जेवायलाही उशिरा यायचा. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "मी माझी टेस्ट काढूनच टाकतो. निदान हिरवं तरी होईल."

शेजारी बसणारी टेस्टिंगवाली ताई म्हणाली, "थांब. काढू नकोस. आधी क्रम उलटा करू."

जँगोमध्ये टेस्ट उलट्या क्रमाने चालवायची सोय आहे. चालवल्या, आणि जुनी टेस्ट पास झाली. नापास झाली ती या मुलाची. ताई हसली. "क्रम बदलला की आरोपीही बदलतो. म्हणजे गुन्हेगार दोघांतला कुणीच नाही. पहिली टेस्ट जाताना काहीतरी मागे ठेवून जातेय."

सात नंबर सापडला

मग तिने एररचा निरोप शांतपणे, पूर्ण वाचला. डेटाबेस सांगत होता की तुम्ही 7 या नंबराचा हवाला देताय, पण त्या तक्त्यात 7 नंबरच नाही. तीन दिवस सगळ्यांनी फक्त वरची लाल ओळ वाचली होती. खालचा 7 कुणी पाहिलाच नव्हता.

हा सात आला कुठून? जँगो प्रत्येक प्रकारच्या वस्तूला एक नंबर देतो आणि तो डेटाबेसमधल्या एका तक्त्यात ठेवतो. समजा, लेख 7, फोटो 8, पाककृती 9. प्रतिक्रिया जतन करताना "ही 7 नंबर प्रकारच्या अमुक वस्तूवरची" अशी नोंद होते. आमच्याकडे कुणीतरी फार पूर्वी एक छोटी सोय करून ठेवली होती. लेखाचा नंबर एकदा विचारायचा आणि मग तोंडपाठ ठेवायचा. म्हणजे आपला वॉचमनच.

चालू वेबसाइटवर हे अगदी बरोबर होतं. तिथे हे नंबर सहसा बदलत नाहीत. पण टेस्टच्या दुनियेत रोज नवं लग्न असतं. जँगोच्या नेहमीच्या टेस्ट डेटाबेसमध्ये कच्चं लिहितात आणि शेवटी सगळं मागे घेतात, त्यामुळे मूळ नंबर जागेवर राहतात. दुसऱ्या प्रकारच्या टेस्ट मात्र खरोखर पक्कं लिहितात आणि काम झालं की सगळे तक्ते रिकामे करतात. मग जँगो प्रकारांची यादी नव्याने भरतो, पण मोजणी मागे न जाता पुढे चालू राहते. लेख जो 7 होता, तो आता 31 झाला.

आमच्याकडे या दुसऱ्या प्रकारची आजवर एकच टेस्ट होती. ती संपली की तक्ते पुसले जायचे, पण तिच्यामागून त्या तक्त्यांकडे जाणारं कुणी नव्हतं. त्या मुलाला मेल तपासायचा होता. प्रतिक्रिया पक्की जतन झाल्याशिवाय मेल निघत नाही, म्हणून त्याने योग्य तोच, दुसरा प्रकार निवडला. आता अशा टेस्ट दोन झाल्या. पहिली पुसून गेली, दुसरी आली, आणि वॉचमन म्हणाला, "सात नंबर."

एकटी चालवली की दोन्ही टेस्ट पास. एकत्र चालवल्या की जी नंतर येईल ती नापास. त्या मुलाने काही बिघडवलं नव्हतं. आधीपासून असलेला दोष त्याच्या टेस्टमुळे पहिल्यांदा उजेडात आला होता. ती टेस्ट त्याने काढून टाकली असती तर सगळं हिरवं झालं असतं, आणि दोष तसाच राहिला असता.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत झाली. आधी प्रत्येक टेस्टच्या सुरुवातीला ती आठवण पुसणारी एक ओळ घातली. नंतर लक्षात आलं की या नंबरांची आठवण जँगो स्वतःही ठेवतो आणि यादी नव्याने भरताना स्वतःची आठवण पुसतोसुद्धा. मग आपला वेगळा वॉचमन हवाच कशाला? त्याला काढून टाकला. वरिष्ठांनी त्याच ग्रुपवर लिहिलं, "दोष जुना होता. तुझ्यामुळे सापडला." त्या दिवशी तो मुलगा वेळेवर जेवायला आला.

आठवण ताजी कशी ठेवायची?

नेटस्केपमध्ये काम केलेल्या फिल कार्लटन या प्रोग्रामरच्या नावावर एक उक्ती सांगतात. तिचा मतितार्थ असा, की संगणकशास्त्रात खरोखर अवघड गोष्टी दोनच, कॅश वेळेवर रद्द करणं आणि गोष्टींना नावं देणं. त्यातल्या पहिलीसाठी साधारण तीन उपाय वापरले जातात.

पहिला, मुदत घालणं. श्रीखंडाच्या डब्यावर तारीख असते तशी. मुदत संपली की आठवण फेकायची आणि वही पुन्हा बघायची. हा उपाय सोपा आहे, पण मुदतीच्या आत काही बदललं तर चूक होणारच.

दुसरा, बदल झाल्याबरोबर कळवणं. वही पुसणाऱ्यानेच गेटवर जाऊन वॉचमनला सांगायचं. हा उपाय नेमका आहे, पण एक माणूस जरी सांगायला विसरला की संपलं.

तिसरा, वापरण्याआधी विचारणं. "माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे, चालेल का?" तुमचा ब्राउझर वेबसाइटला बरेचदा असंच विचारतो. "चालेल" असं उत्तर आलं की पूर्ण पान पुन्हा उतरवावं लागत नाही.

टेस्ट लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. टेस्टसाठी जँगो वेगळा डेटाबेस बनवतो, त्याच्या नावाआधी 'टेस्ट' लागतं. कॅश मात्र वेगळी बनत नाही, आणि प्रत्येक टेस्टनंतर आपोआप पुसलीही जात नाही. जँगोच्या अधिकृत माहितीतच इशारा आहे की चालू वेबसाइटच्या यंत्रणेवर टेस्ट चालवल्या तर टेस्टमधली खोटी माहिती खऱ्या कॅशमध्ये शिरू शकते. 2021 च्या शेवटी आलेल्या 4.0 आवृत्तीपासून टेस्ट पत्त्यांसारख्या पिसून चालवायचीही सोय आहे. घरात कुणी कोडिंग शिकत असेल तर त्यांना हे जरूर सांगा. क्रम बदलल्यावर जी टेस्ट नापास होते, ती काहीतरी खरं सांगत असते.

आणि आपल्या फोनचं काय?

आत्याच्या फोनवर आम्ही असं केलं. सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग ते बिलाचं अ‍ॅप, मग स्टोरेज. तिथे दोन बटणं दिसतात, आणि दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे.

'क्लिअर कॅश' दाबलं की फक्त तात्पुरता साठा जातो. तुमचं लॉगिन, सेटिंग्ज, जतन केलेली माहिती राहते. पहिल्यांदा अ‍ॅप थोडं सावकाश उघडेल, कारण वॉचमनला पुन्हा वही बघायला जावं लागतं.

'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' दाबलं की अ‍ॅप अगदी नव्यासारखं होतं. पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि फक्त फोनवरच ठेवलेली माहिती जाऊ शकते. घाईत हे बटण दाबू नका.

आणि रोज उठून कॅश साफ करायचीही गरज नाही. आठवण आपल्या सोयीसाठीच असते. ती जुनी झाल्याचा संशय आला, तेवढ्यापुरती पुसायची.

अ‍ॅप उघडलं. आत्याने बिल भरलं, मग खात्यातली शिल्लकही तपासली. "आहेत गं पैसे!" म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता विचारलं, "दिवाळीला येतेयस ना? तुझ्या आवडीचा, दोन चमचे साखरेचा चहा करून ठेवते."

मी चहातली साखर सोडून तीन वर्षं झाली. म्हटलं, "आत्या, ती कॅश पण जरा क्लिअर कर."